फोटोतला ग्लास

माझ्या नवऱ्याला माझं बहुतेक सगळं ठाऊक आहे. कुठल्या दाताची कळ मी लपवते, कुठल्या नणंदेचा फोन आला की मी मुद्दाम न्हाणीघरात जाऊन बसते — सगळं. हे मात्र त्याला ठाऊक नाही. माझ्या आईला कळलं नाही, ती तशीच गेली. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवासमोर बसून मनातल्या मनातसुद्धा मी हे कधी नीट शब्दांत मांडलेलं नाही. मांडायला घेतलं की जपमाळ संपायची आणि मी उठून घरी यायची. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय. एक मात्र आधीच बोलून ठेवते — मी रडणार नाही. रडायचं असतं तर तेव्हाच रडले असते.

सुरुवात वाइनपासून करू. कारण त्या भागाची मला काडीची लाज नाही.

हो, प्यायले. सांगलीजवळच्या एका गावातल्या जैन शेतकऱ्याच्या घरातली थोरली सून मी, तेव्हा वय पंचेचाळीस, थोरल्या मुलाच्या लग्नाचं बघायला लागलेली — आणि मी वाइन प्यायले. आमच्यात मद्य, मांस आणि मध यांचा त्याग म्हणजे धर्माची पहिली पायरी. एखाद्या घरात कांदा-लसूण चालतो, दिवस मावळल्यावर एखादा चोरून जेवतोही. या तिन्हींच्या वाटेला मात्र कुणी जात नाही. म्हणजे — बायका जात नाहीत. पुरुष मिरज रस्त्यावरच्या कुठल्या ढाब्यावर बसून काय घेतात, हे आमच्या गावात कुणी कुणाला विचारत नाही. आणि आमची स्वतःची द्राक्षबाग आहे. बेदाण्यालाही न चालणारा माल दर हंगामात एका टेंपोत भरून जातो. कुठं जातो, त्याचं पुढं काय होतं? आमच्या सोप्यात बसून हा प्रश्न विचारायची कुणाची छाती नाही. पैसे आले की आधी देवापुढं ठेवतात.

असो. ते भांडण वेगळं. मी त्याच्याआड लपणार नाही.

आमची नऊ जणींची भिशी आहे. चातुर्मास लागला की आमचे नियम सुरू होतात — कुणी हिरवी भाजी सोडते, कुणी दही, कुणी गोड. म्हणून आम्हीच एक रीत पाडलेली — चातुर्मासाच्या आधी एक दिवस 'सोडायच्या आधीचं' खायला बाहेर पडायचं. एरवी सांगलीची भेळ, फार तर वाईपर्यंत जाऊन येणं. सात वर्षांपूर्वी भिशीतल्या मास्तरीणबाईंनी मोबाइलवर एक जागा शोधून काढली. साताऱ्याच्या पुढं, मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात. तिथं म्हणे चॉकलेट करतात, चीज करतात, वाइन करतात, आणि माणशी पैसे भरले की दिवसभर थोडं थोडं सगळं चाखायला देतात. वाइनचं नाव मास्तरीणबाईंनी हळूच घेतलं. आम्ही ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

माझी धाकटी जाऊही आमच्या भिशीत होती. त्रिशला. हिच्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं हिचंच आहे. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान, अंगानं काटकुळी, बोलणं कमी. दशलक्षण पर्वात दहाच्या दहा दिवस नुसत्या पाण्यावर उपास करणारी. आणि याचा तिला तसूभरही गर्व नव्हता. तो असता तर मला बरं झालं असतं. मला ती 'अक्का' म्हणायची, आणि मनापासून म्हणायची.

त्या जागेत शिरल्यावर आमचा जो काही तमाशा झाला तो बघण्यासारखा होता. लाकडी पाटावर चीजचे पाच तुकडे मांडून आणले. यात प्राण्याचं काही नाही ना, हे आम्ही चारदा विचारून घेतलं. एका तुकड्याचा वास घेऊन आमच्यातली एक म्हणाली, "आमच्यात असला वास आला तर म्हशीम्होरं टाकतो." वाढणारी पोरगी हसायला लागली. ती माण तालुक्यातली, दहिवडीकडची. म्हणाली, "मावशी, आमच्या गावात टँकरचं पाणी. आन् हितं मी लोकास्नी वाइन वाढतीया. घ्या, काय हुत न्हाई." मग चॉकलेट आलं — कोकमाचं, मिरचीचं, गुळाचं, आणि एक नुसतं कडू. बाकीच्यांनी कडू तोंडात घेऊन तोंडं वाकडी केली. मी मात्र ते जिभेवर धरून ठेवलं. कडूपणा ओसरला की मागून हळूच भाजलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी येतं, ते कुणालाच कसं कळत नव्हतं?

इथं मला थोडं थांबावं लागेल. माझी जीभ — तुम्हाला गंमत वाटेल, पण माझी जीभ वेगळी आहे. आमटीला कुठल्या विहिरीचं पाणी वापरलंय ते मी सांगू शकते. माळावरच्या बागेतलं द्राक्ष कुठलं आणि ओढ्याकाठचं कुठलं, हे डोळे मिटून सांगते. माझ्या बापाला याचं कौतुक होतं. सासरी आले आणि त्याचा दोष झाला. आमच्या घरी मुनिमहाराजांसाठी स्वयंपाक होतो तेव्हा तो चाखायचा नसतो. मीठ अंदाजानं, तिखट अंदाजानं. बरोबरच आहे ते. पण हळूहळू माझ्या सासूनं — आत्ती म्हणतो आम्ही त्यांना — माझ्या जिभेचं सगळ्या गावात हसं केलं. "थोरलीचं सगळं ध्यान जिभेत." पाहुण्यांसमोर, पोरांसमोर. चोवीस वर्षं. तुम्ही कधी चोवीस वर्षं एकच टोमणा ऐकलाय?

तर वाइनची खोली वेगळी होती. आम्ही नऊही जणींनी एका सुरात 'नको' म्हटलं. मी हात धुवायला म्हणून उठले आणि तिथं शिरले. ठरवून शिरले. त्या दहिवडीच्या पोरीनं काही विचारलं नाही, चार ग्लासांत बोटभर बोटभर ओतलं आणि कसं हलवायचं, कसा वास घ्यायचा ते दाखवलं. तिसऱ्या ग्लासाला ती म्हणाली, "काय लागलं, सांगा की."

काय लागलं? मला? लग्न झाल्यापासून एकाही माणसानं मला हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आधी जांभूळ, मग ओला चुना, आणि गिळल्यावर लवंग. ती पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. आतून तिच्या मालकाला बोलावून आणलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. त्यानं मान डोलावली. चौथा ग्लास त्यानं स्वतः भरला, भरपूर, आणि म्हणाला, हा निवांत बाहेर बसून घ्या. सांगू का, त्या दहा मिनिटांइतकी मी कधीच सुखात नव्हते. लग्नातही नव्हते. याबद्दल कुणाला मला नरकात टाकायचं असेल तर खुशाल टाकावं.

ग्लास घेऊन मी मागच्या ओट्यावर आले तर तिथं त्रिशला एकटीच बसलेली. बाकीच्या आत चॉकलेट बांधून घेत होत्या. तिनं ग्लास बघितला, माझं तोंड बघितलं, आणि हसायला लागली. "अक्का, ह्ये काय वं?" एवढंच. रागावली नाही, उपदेश केला नाही. धुकं जरा बाजूला झालं होतं, खाली दरी दिसत होती, आणि ती हसत होती. तिला हसताना फारसं कुणी बघितलेलं नाही. मी म्हटलं, थांब, फोटो काढते, हे जरा धर. ओट्याचा कठडा उताराचा होता, ग्लास ठेवायला जागा नव्हती. तिनं तो दोन बोटांत, अंगापासून लांब धरला आणि आणखीच हसली. मी फोटो काढला. फोटो फार छान आला. मग मी ग्लास परत घेतला आणि संपवला.

ही झाली माझी वाइन. याबद्दल मला काही बोलायचं नाही.

आता पुढचं. पुढचं सांगताना मी सारखी मागं-पुढं होतेय, तुम्हाला कळत असेल.

तो फोटो मी तिला पाठवला. तिला तो इतका आवडला की तिनं मोबाइलवर डीपी म्हणून लावला. त्या छोट्या गोलात फक्त तिचा चेहरा दिसायचा, म्हणून तिला काही खटकलं नसणार. पण आत्तींची बहीण, माधवनगरची मावशी, तिला दुसऱ्यांच्या घरातलं मोठं करून बघायची सवय. तिनं त्या गोलावर बोट ठेवलं. चौकोनी, सगळा फोटो उघडला. कडेला हात, हातात ग्लास, ग्लासात लालभडक. तिनं लगेच आत्तींना फोन लावला.

त्या वर्षी आमच्या गावच्या बस्तीत एका मुनिमहाराजांचा चातुर्मासाचा मुक्काम होता. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते — मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. कुणाच्या घरी घ्यायचा हे आधी सांगत नाहीत. ज्या घरांत शुद्ध स्वयंपाक, म्हणजे चौका, केलेला असतो त्या घरच्यांनी दारात कलश घेऊन उभं राहायचं आणि त्यांना बोलवायचं. ते कुणासमोर थांबतील ते थांबतील. थांबले तर त्या घराचं भाग्य. आमच्या घरून कलश कुणी घ्यायचा? रीतीनं मी, थोरली. पण आत्तींनी आठवडाभर आधी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "कलश धाकटी घील. तिच्या अंगात नियम हाय. थोरलीचं ध्यान जिभेत." त्रिशला त्या दिवसापासून कोणाशी फारशी बोलतही नव्हती, मनातच तयारी करत होती. तिला दुसरं काही नको होतं. साडी नको, दागिना नको. हे एक हवं होतं.

आणि मधेच तो फोटो आला.

आत्तींनी आम्हा दोघींना सोप्यात बोलावलं. मोबाइल त्रिशलापुढं धरला. "ह्ये काय हाय?"

त्रिशला म्हणाली, "माझा न्हवता आत्ती. मी नुसता धरला हुता."

"मग कुणाचा हुता?"

ती गप्प राहिली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला वेळ दिला तिनं. मी बोलेन म्हणून ती थांबली होती — किती वेळ, मला आता सांगता येणार नाही. आत स्टोव्हवर दूध होतं, ते उतू जाईस्तोवर कुणी हललं नाही.

मी भ्याले. वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत आले — भ्याले, तोंडातून शब्द फुटला नाही. मोठ्या मुलाचं लग्न ठरत होतं, सोयरीक चांगल्या घरची होती, आईचं असं काही कळलं असतं तर मोडली असती. हे सगळं खरं आहे. आणि हे सगळं अर्धं आहे.

उरलेलं अर्धं असं की मी गप्प राहिले नाही. बोलले.

मी पुढं झाले, आत्तींच्या गुडघ्याला हात लावला आणि म्हटलं, "आत्ती, रागावू नका तिला. पोरगी हाय. नवं काय बघितलं की वाटतंच माणसाला. मी समजावते."

कळलं तुम्हाला मी काय केलं? मी तिची बाजू घेतली. तिच्यासाठी रदबदली केली. नुसती गप्प राहिले असते तर संशय दोघींवर राहिला असता, आत्तींनी आणखी खोदलं असतं. मी दया दाखवून तिचा गुन्हा पक्का केला. आणि ते बोलताना माझ्या डोक्यात भीती नव्हती. कलश होता. आता तो माझ्याकडं येणार, हे मला लख्ख दिसत होतं. चोवीस वर्षं ऐकलेला तो टोमणा आता कुणी मारणार नाही, जिभेत ध्यान दुसरीचं आहे हे आता गाव म्हणेल — हेही दिसत होतं. मी ते शब्द निवडून बोलले. आवाजसुद्धा निवडला.

त्रिशलानं तेव्हा मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय. चुकलं माझं." आणि आत जाऊन स्टोव्ह पुसायला लागली.

चार दिवसांनी मी दारात उभी राहिले. शुद्ध धुतलेली साडी, हातात कलश, वर नारळ. शेजारच्या दारांतही बायका उभ्या होत्या. मला खात्री होती की महाराज पुढं जातील. जावेत असंही वाटत होतं, आणि जाऊ नयेत असंही. ते माझ्यासमोर येऊन थांबले. आत आल्यावर आहार देणाऱ्यानं म्हणायचं असतं — मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध आहे. हे म्हटल्याशिवाय मुनी घास घेत नाहीत. ते आपल्या शब्दावरच विश्वास ठेवतात, दुसरं काही तपासत नाहीत.

मी म्हटलं. वचनशुद्धी, असं मी स्पष्ट, मोठ्यानं म्हटलं. आवाज कापला नाही.

घासात केस निघाला, मुंगी दिसली, तर महाराज तिथंच आहार थांबवतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उपाशी राहतात. त्याला अंतराय म्हणतात. मी प्रत्येक घासाला वाट बघत होते. आता काहीतरी होईल. भांडं पडेल, ओंजळ सुटेल. काही झालं नाही. त्यांनी शांतपणे सगळा आहार घेतला, मान खाली घालून, चवीकडं लक्ष न देता. आत्तींच्या डोळ्यांत पाणी होतं. त्रिशला चौक्याच्या बाहेर, अंगणात, मुलांना गप्प करत उभी होती. तिला आत यायला मनाई होती.

तुम्ही म्हणाल, नंतर तरी सांगायचंस. हो. सांगायला हवं होतं. पहिल्या आठवड्यात सांगता आलं असतं, मुलाचं लग्न झाल्यावर सांगता आलं असतं, सून घरात रुळल्यावर सांगता आलं असतं. आत्ती अजून आहेत, कान चांगले आहेत, आजही सांगता येईल. मी सांगितलं नाही. मला कुणी अडवलं नव्हतं.

आणि त्रिशलानं एकदा तरी भांडायला हवं होतं माझ्याशी. हौदावर धुणं धुताना, चुलीपाशी, कुठंही — एकदा माझ्या झिंज्या उपटायला हव्या होत्या. मी वाटच बघत होते. तिनं डीपी काढून टाकला आणि महाराजांकडून प्रायश्चित्त घेतलं. न केलेल्या पापाचं. वर्षभर दूध, दही, तूप, सगळं सोडलं. आणि घरात माझ्याशी पहिल्यासारखीच वागली. फक्त हसायची थांबली. पुढच्या वर्षी दिरांनी साताऱ्याला नोकरी बघितली आणि ते तिघं तिकडं राहायला गेले. लेकीच्या शाळेसाठी, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते. गावी चौका असतो तेव्हा ती येते आणि कुणी न सांगता बाहेर बसते. दहा दिवस पाण्यावर राहणारी बाई, आणि तिच्या हातचं पाणी चौक्यात चालत नाही. कलश दर वेळी माझ्याकडं असतो. आता सवयीचा झालाय.

वाइन मी त्यानंतर दोनदा प्यायले आहे. हेही सांगून टाकते, तुम्ही मला पश्चात्तापानं वाळलेली बाई समजू नये म्हणून. एकदा मुलाकडं पुण्याला, एकदा गोव्याला. दोन्ही वेळा चांगली लागली.

आमच्यात दशलक्षण पर्व संपलं की क्षमेचा दिवस असतो. वर्षभरात जाणता-अजाणता ज्याला ज्याला दुखावलं असेल त्याची क्षमा मागायची. लहानानं मोठ्याची मागायची, मोठ्यानंही लहानाची मागायची. पूर्वी घरोघर फिरायचे, आता फोन करतात. सगळे करतात. मीही यादी काढून करते, नणंदांना, माधवनगरच्या मावशीला, भिशीतल्या सगळ्यांना. साताऱ्याला मात्र मी आधी फोन करत नाही. तिचा येतो. सकाळी, पूजा झाली की, न चुकता.

"अक्का, माझ्याकडनं काय चुकलं-माकलं असंल तर क्षमा करा."

ती हे म्हणते आणि थांबते. त्या दिवशी सोप्यात थांबली होती तशी. यंदाही थांबली. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

मी म्हटलं, "केली गं."

सात वर्षं झाली. मी तिला दर वर्षी क्षमा करते.